रॉड उचलायचा, पण शिकवणार कोण?

कबड्डीची चढाई तीस सेकंदांची, पण तिचा निकाल बहुतेक वेळा एका झटक्यात लागतो. कोपरारक्षकाने घोट्याला हात घातलेला असतो, मध्यरक्षक अंगावर येत असतो आणि चढाईपटू कंबरेतून उसळून मध्यरेषेकडे झेपावतो. त्या उसळीला मिळतो सेकंदाचा पाचवा, फार तर चौथा हिस्सा. स्नायूंना आपली सगळी ताकद उभी करायला मात्र तीन दशांश सेकंद किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणजे भर मैदानात कोणालाच आपली पूर्ण ताकद वापरायला मिळत नाही. स्क्वॉटमध्ये दीडशे किलो घेणारा मुलगा पकडीत अडकतो आणि शंभर किलोवाला निसटून जातो, असं घडू शकतं ते यामुळेच. अंगात ताकद किती, यापेक्षा ती किती लवकर बाहेर पडते याला इथे मोल आहे.

ही झटक्यात बाहेर पडणारी ताकद वाढवण्यासाठी जगभरचे प्रशिक्षक वेटलिफ्टिंगकडे वळले. 1972च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर या खेळातून ‘प्रेस’ हा प्रकार वगळला गेला आणि दोनच उचली राहिल्या. स्नॅचमध्ये रॉड जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर जातो. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर घ्यायचा आणि तिथून डोक्यावर न्यायचा. आता वसई, नालासोपारा, विरारच्या जिममध्ये आणि कॉलेजच्या जिमखान्यांतही कबड्डी किंवा फुटबॉल खेळणारी मुलं क्लीन, म्हणजे रॉड खांद्यांवर घेण्याचा हा पहिला भाग, करताना दिसतात. बऱ्याच जणांनी ती मोबाइलवर पाहून उचललेली असते. मुलं वजनाला हात लावू लागली याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी वाटते ती शिकवणाऱ्याची.

या उचलीत नेमकं घडतं काय, ते आधी पाहू. रॉड जमिनीवरून गुडघ्यापर्यंत घाई न करता येतो. पाय जमिनीला खाली रेटत असतात आणि पाठीचा कोन जवळपास बदलत नाही. रॉड गुडघ्यांच्या वर आला की धड उभं होऊ लागतं, गुडघे किंचित पुन्हा वाकून रॉडखाली सरकतात, आणि मग घोटा, गुडघा व कंबर हे तिन्ही सांधे एकदम उघडतात. या शेवटच्या भागाला लिफ्टर ‘सेकंड पुल’ म्हणतात. तो सेकंदाच्या पाचव्या हिस्स्याच्या आसपास संपतो. चढाईपटूच्या उसळीला मिळणारा वेळही साधारण तेवढाच. जॉन गारहॅमर या अमेरिकन अभ्यासकाने मोठ्या स्पर्धांतल्या उचलींचं चित्रीकरण करून त्यांचं गणित मांडलं. सेकंड पुलमध्ये पुरुष लिफ्टर आपल्या वजनाच्या दर किलोमागे 50 वॅटहून अधिक शक्ती निर्माण करतात, तर कमाल वजनाच्या स्क्वॉट किंवा डेडलिफ्टमध्ये तीच 12 वॅटच्या आसपास राहते, असं त्यातून दिसलं. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. डेडलिफ्टमध्ये बल प्रचंड असतं, पण रॉड जेमतेम हलतो. क्लीनमध्ये बल आणि वेग दोन्ही एकत्र येतात.

अर्थात ते तिन्ही सांधे खरोखर उघडले तरच. चुकीच्या क्लीनमध्ये ते उघडतच नाहीत. रॉड जमिनीवरून हिसका देऊन ओढला जातो, कंबर छातीच्या आधी वर जाते, हात वेळेआधीच कोपरात वाकतात, रॉड अंगापासून लांब जातो, पाय दोन बाजूंना फाकतात आणि पाठ मागे टाकून तो कसाबसा छातीवर घेतला जातो. वजन वर गेलेलं असतं, भोवतालची मुलं ओरडून दाद देतात, पण ज्या उसळीसाठी हा सगळा खटाटोप, ती झालेलीच नसते. काम केलं ते कंबरेच्या खालच्या मणक्यांनी आणि दंडांनी. इजेचा धोका पुरेपूर पत्करला आणि मैदानावर न्यायला हाती काही आलं नाही. म्हणूनच क्लीन चांगली की वाईट, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. ती कोण शिकवतो, हे कळल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

हा प्रश्न सगळ्यात मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो अमेरिकन कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून अंडाकृती चेंडूने खेळतात त्या खेळात. अंगावर धावून जाणं, पकडणं, पाडणं, काही सेकंदांची झुंज आणि मग उसंत, हे सगळं पाहता तो खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा कबड्डीलाच जवळचा आहे. 1950च्या दशकापर्यंत तिथले बहुतेक प्रशिक्षक खेळाडूंना वजनांजवळ फिरकू देत नसत. स्नायू आखडतात, वेग जातो, असा ठाम समज होता. लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात ॲल्विन रॉय हे जिम चालवत. त्यांनी अमेरिकेच्या वेटलिफ्टिंग संघाबरोबर काम केलेलं होतं. 1955मध्ये त्यांनी इस्त्रुमा हायस्कूलच्या फुटबॉल संघाला वजनांवर घातलं आणि तो संघ हंगामभर हरला नाही. त्यातला बिली कॅनन पुढे लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळला. त्या संघाने 1958चं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं आणि 1959मध्ये कॅननला सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली.

पुढचा टप्पा नेब्रास्का विद्यापीठातला. बॉइड एप्ली हा तिथला पोल व्हॉल्टपटू पाठीच्या दुखण्यामुळे वजनांवर सराव करत होता. दुखापतग्रस्त फुटबॉलपटू त्याच्याबरोबर व्यायाम करून पूर्वीपेक्षा धट्टेकट्टे होऊन परततात, हे सहायक प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांच्या लक्षात आलं. 1969मध्ये एप्लीला पगारावर ठेवलं गेलं. कोणी खेळाडू मंदावला तर तुझी नोकरी गेली, अशी तंबी मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हेनी यांनी दिली होती. मंदावलं कोणी नाही. 1970 आणि 1971 अशी दोन वर्षं नेब्रास्का अजिंक्य ठरलं. 1978मध्ये एप्ली यांनीच ताकद-प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी केली आणि 1985पासून तिची प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली.

इथवरची गोष्ट यशाची आहे, पण हळूहळू तिला गालबोट लागलं. रॉय वेटलिफ्टिंगच्या जगात वावरलेले होते. त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी उचल घेतली, पण शिकवण्याची रीत मागेच राहिली. कॉलेजाकॉलेजात वजनांची प्रचंड दालनं झाली आणि भिंतीवर ‘पॉवर क्लीन’च्या विक्रमांचे फलक लागले. शिकवणारे बहुतेक माजी फुटबॉलपटू. त्यांना स्वतःला जशी शिकवली गेली, तशीच त्यांनी पुढे दिली. शंभरेक मुलं, हाताशी तासभर, आणि वरिष्ठांना दाखवायला दरवर्षी वाढलेला आकडा हवा. पद्धत ढिली सोडली की आकडा वाढवणं सोपं होतं. पाय थोडे जास्त फाकवले, पाठ थोडी जास्त वाकवली की पाच किलो जास्त जातात. वेटलिफ्टिंगमधली जाणती माणसं दशकानुदशकं याच गोष्टीवर बोट ठेवत आली आहेत. फलकावरचा आकडा खेळाडूचा असतो, पण तो वाढवण्याची घाई प्रशिक्षकाची असते.

याहून गंभीर प्रसंग जानेवारी 2011मध्ये आयोवा विद्यापीठात घडला. सुमारे तीन आठवड्यांच्या सुट्टीनंतर परतलेल्या फुटबॉलपटूंना आपल्या कमाल वजनाच्या निम्म्या वजनाने शंभर स्क्वॉट घालायला लावले गेले, तेही घड्याळ लावून. त्यानंतर 13 खेळाडू रुग्णालयात दाखल झाले. त्यांना ऱ्हॅब्डोमायोलिसिस झाला होता. अति ताणाने स्नायूंचे तंतू फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर भार येतो. लघवी काळपट तपकिरी होणं ही त्याची ओळखखूण. अद्ययावत जिम, डॉक्टर, पगारी प्रशिक्षक, सगळं असलेल्या ठिकाणी हे झालं. आपल्याकडे परीक्षेनंतर किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी ‘आज सगळ्यांचा घाम काढतो’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. लघवीचा रंग बदलला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे मुलांनाही सांगून ठेवायला हवं.

वसई-विरार ही खेळांची भूमी आहे. आगाशी-अर्नाळ्यापासून विरारपर्यंत कबड्डी, वसईच्या ख्रिस्ती गावांतून फुटबॉल, आणि डिसेंबरअखेरीस चिमाजी आप्पा मैदानावर भरणारा कला-क्रीडा महोत्सव. इथल्या मुलांच्या पायांत जोर आहे. राजोडी, भुईगाव, अर्नाळ्याच्या रेतीत धावून आणि दंड-बैठका मारून तो आलेला आहे. तरीही वेटलिफ्टिंगची परंपरा इथे फारशी रुजलेली नाही. इथल्या जिमवर छाप आहे ती शरीरसौष्ठवाची. ती एक स्वतंत्र आणि अवघड साधना आहे, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण तिचा नियम वेगळा. तिथे स्नायू थकवायचा असतो, बारा-पंधरा रेप्स मारायच्या असतात, शेवटच्या दोन रेप्स जिवावर येतात तेव्हाच त्या कामाच्या ठरतात. क्लीनमध्ये याच्या बरोबर उलट. एका सेटमध्ये एक ते तीन रेप्स, फार तर पाच, आणि मध्ये दोन-तीन मिनिटं विसावा. थकवा आला की वेग पडतो, आणि वेग पडला की त्या उचलीचा हेतूच संपतो. वर्षानुवर्षं शरीरसौष्ठव शिकवलेले सर अगदी सद्भावनेने मुलाला क्लीनच्या पंधरा रेप्स देतात आणि दहाव्या रेपला त्याची कंबर गोल व्हायला लागते.

कॉलेजातल्या शारीरिक शिक्षण संचालकांकडे बोट दाखवणंही अन्यायाचं ठरेल. एका माणसाच्या गळ्यात सगळे खेळ, मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे अर्ज, संघांचे प्रवास, वर तास आणि परीक्षा. त्यात मुलं पहाटेची विरार लोकल धरणारी. अशा माणसाने चाळीस मुलांना एकट्याने स्नॅच शिकवावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मग चांगलं शिकवणं ओळखायचं कसं? वजनाकडे पाहू नका, पहिल्या महिन्याकडे पाहा. जाणता प्रशिक्षक नवख्याच्या हाती आधी काठी किंवा पाइप देतो, नंतर रिकामा रॉड. तो वरून खाली शिकवत येतो. आधी मांडीच्या मध्यापासून, मग गुडघ्यापासून आणि शेवटी जमिनीवरून. सगळ्यात जोराचा भाग वरचा असतो, तो आधी पक्का व्हायला हवा. समोरचा स्क्वॉट नीट बसत नसेल, मनगट आणि कोपर वळत नसतील, तर तो क्लीन पुढे ढकलतो. तो मुलाच्या समोर उभा राहत नाही, बाजूला राहतो, कारण रॉड अंगापासून किती दूर जातो ते बाजूनेच दिसतं. एका वेळी एकच सूचना देतो. ‘पाठ सरळ, हात सैल, टाचा खाली, कोपर वर’ असं एका श्वासात सांगितलं की मुलाला काहीच ऐकू येत नाही. उचल फसली तर रॉड कसा सोडून मागे सरायचं, हे तो उचल शिकवण्याआधी शिकवतो. आणि मुलगा जोशात असताना, मित्र पाहत असताना ‘आज बास’ म्हणतो. मला विचाराल तर शेवटची खूण सगळ्यात मोलाची. बाकीचं पुस्तकातून शिकता येतं, हे येत नाही.

आपलं ज्ञान कुठे संपतं हे ओळखणंही याच कसबात मोडतं. मीराबाई चानू जागतिक दर्जाची लिफ्टर असूनही तिची स्नॅच अडत होती, खांद्यांत दोष होता. 2020मध्ये ती अमेरिकेतल्या सेंट लुइसला डॉ. ॲरन हॉर्शिग यांच्याकडे गेली. प्रशिक्षक विजय शर्मा यांना त्यात कमीपणा वाटला नाही. एप्रिल 2021मध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये 119 किलोचा विश्वविक्रम केला आणि टोकियोत 87 अधिक 115, म्हणजे 202 किलोंवर रौप्यपदक मिळवलं.

असं शिकवणं महाराष्ट्रातही आहे. सांगलीचा संकेत सरगर पानटपरी चालवणाऱ्या घरातला आणि शिवाजी विद्यापीठात इतिहास शिकणारा. दिग्विजय व्यायामशाळेत नाना सिंहासने यांच्या हाताखाली त्याने सुरुवात केली, पुढे मयूर सिंहासने यांनी त्याला तयार केलं. 30 जुलै 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात त्याने स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135, एकूण 248 किलो उचलून रौप्य जिंकलं. सुवर्ण विजेत्या मलेशियाच्या अनिक कासदानची बेरीज 249 होती. त्याच वर्षी जूनमध्ये संकेतची बहीण काजोल हिने पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत 40 किलो गटात सुवर्ण मिळवलं. एकाच घरातली दोन मुलं अशी तयार होतात, तेव्हा श्रेय केवळ जिद्दीला देऊन भागत नाही. वर्षानुवर्षं एका जागी उभं राहून शिकवणारी माणसं तिथे होती.

त्या दिवशी सुवर्णासाठी 139 किलो घेताना संकेतचा उजवा कोपर दुखावला. इतका तयार लिफ्टरसुद्धा शेवटच्या मर्यादेवर जखमी होऊ शकतो. लिफ्टरला तो धोका पत्करावाच लागतो, कारण तो त्याचा खेळ आहे. कबड्डीपटूला त्या टोकाला जाण्याचं काही कारण नाही. क्लीनमध्ये सर्वाधिक शक्ती निर्माण होते ती कमाल वजनाच्या 70 ते 80 टक्क्यांच्या आसपास. कॉलेजच्या खेळाडूने ‘मॅक्स’ मारणं म्हणूनच बहुतेक वेळा निव्वळ हौस असते. शिवाय कबड्डीत वजनाची मर्यादा असते. अमेरिकन संघांना धिप्पाड देह चालतात, हवेही असतात. आपल्या मुलाला अंग न वाढवता उसळी वाढवायची आहे, आणि कमी रेप्सची, वेगाची उचल त्यासाठी योग्यच आहे. उंची खुंटेल ही पालकांची भीती मात्र खरी नाही. नीट देखरेखीखाली केलेल्या वजनाच्या व्यायामाने वाढ थांबते, याला पुरावा नाही.

साहित्याचंही बोलायला हवं. स्पर्धेचा पुरुषांचा रॉड 20 किलोचा आणि पकडायला 28 मिलिमीटर जाडीचा, तर महिलांचा 15 किलोचा आणि 25 मिलिमीटरचा. पालघर जिल्ह्यातल्या कबड्डी खेळणाऱ्या मुलींच्या हातात सरसकट पुरुषांचा रॉड दिला जातो. बारीक हाताला त्याची पकडच बसत नाही आणि दोष मात्र मुलीच्या ‘कमजोरी’ला लागतो. पूर्ण आकाराच्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर वर राहतो. पाच किलोची लहान लोखंडी प्लेट लावली की तो पार खाली जातो आणि नवखा मुलगा पहिल्याच दिवशी पाठ वाकवून उचलायला शिकतो. रबरी मोठ्या प्लेट नसतील तर रॉड लाकडी ठोकळ्यांवर ठेवावा, खर्च फारसा येत नाही. आपल्या खाऱ्या हवेत रॉडची टोकं गंजून घट्ट बसतात. प्लेट रॉडभोवती मोकळी फिरली नाही तर तो सगळा पीळ मनगटात उतरतो, म्हणून पावसाळ्यात तेलपाणी हवंच.

आणि शिकवणारा मिळालाच नाही तर? तर क्लीन करू नये. हे मी हात राखून सांगत नाही. उभी उडी आणि वेग वाढवायला ही उचल उपयोगी आहे, तशाच नीट आखलेल्या उड्या, हलकं वजन घेऊन मारलेल्या उड्या आणि जड चेंडूची फेकही उपयोगी आहे. अभ्यासांमध्ये दोन्हींचे फायदे बरेचसे जवळपास येतात. उडी शिकवणं खूप सोपं. त्याला चांगल्या स्क्वॉटची जोड दिली तर चढाईपटूचं काही अडत नाही. वाईट क्लीनपेक्षा चांगली उडी कधीही श्रेयस्कर.

पण शिकवणारा मिळवण्याचा प्रयत्नही व्हायला हवा आणि तो आवाक्याबाहेरचा नाही. 1961मध्ये सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत वेटलिफ्टिंग प्रशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम आहे, आणि शिक्षकांना जमेल असा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या जेरेमी लालरिननुंगा आणि अचिंता शेउली यांनी बर्मिंगहॅमलाच सुवर्णपदकं मिळवली, म्हणजे हे ज्ञान राज्याच्या हद्दीतच आहे. पालघर जिल्हा 2014मध्ये वेगळा झाला, त्यामुळे दाद मागायला आता ठाण्यालाही जावं लागत नाही. वसई तालुक्यातल्या चार-पाच कॉलेजांनी मिळून एक पदविकाधारक प्रशिक्षक नेमला, प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून एक दिवस आणि एका वेळी आठ-दहाच मुलं घेतली, तरी चित्र बदलेल. जिमखान्यासाठी नवं मशीन घेण्याआधी या माणसाचा खर्च धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात पावसाळ्यात करावी. जून ते ऑगस्ट मैदानं चिखलात असतात, सामने कमी असतात आणि रिकाम्या रॉडवर शिकायला याहून निवांत काळ मिळत नाही. त्या महिन्यांत फलकावर कोणाच्याही क्लीनचा आकडा लिहू नये. भिंतीवर खडूने प्रत्येकाच्या उभ्या उडीची उंची नोंदवून ठेवावी आणि गणपतीनंतर पुन्हा मोजावी. ती वाढलेली नसेल तर मुलाला नव्हे, आधी शिकवण्याच्या पद्धतीला तपासावं.